३१४२ नाही, १५७१ही नाही: कणांमधल्या बलामुळे डार्क मॅटरचं विलोपन किती वाढतं, हे कसं काढायचं

निपाणीहून आलेला प्रश्न असा आहे. एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे दोघे विद्यार्थी मिळून प्रकल्प करताहेत. डार्क मॅटरचा कण १ टीईव्हीचा (म्हणजे १००० जीईव्ही; कणांचं वस्तुमान या ऊर्जेच्या एककांत मोजतात), बल वाहून नेणारा मध्यस्थ कण १ जीईव्हीचा, कपलिंग (बलाची ताकद सांगणारी संख्या) ०.०३. बटू दीर्घिकेत (छोट्या दीर्घिकेत) कणाचा वेग प्रकाशवेगाच्या ३ × १०^−५ पट धरला, तर परस्पर आकर्षणामुळे विलोपनाचा, म्हणजे दोन कण भेटून नाहीसे होण्याचा, दर किती पटींनी वाढेल? एकाचं उत्तर ३१४२, दुसऱ्याचं १५७१, आणि गाईड म्हणतात दोन्ही चूक.

गाईड बरोबर आहेत. हाताने काढलेल्या अंदाजाने उत्तर ३१८च्या आसपास येतं. तुमच्या दोघांतला दुपटीचा फरक ही एक चूक आणि दोघांचंही खऱ्या आकड्यापासून दूर असणं ही वेगळीच चूक. शिवाय तिसरी एक अडचण आहे, ती प्रश्नात आलेली नाही, पण प्रकल्पाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे. एकेक घेऊ.

आधी भौतिकशास्त्र. फाइनमन आकृतीवरून आपण विलोपनाचा काटछेद (ते घडण्याची शक्यता मोजणारं क्षेत्रफळ) काढतो तेव्हा गृहीत असं असतं की दोन्ही कण मुक्त समतल तरंग म्हणून एकमेकांजवळ येतात आणि एका बिंदूत भेटून नाहीसे होतात. पण त्यांच्यात दूरवर पोचणारं बल असेल तर भेटीआधीच तरंगफल बदलतं. आकर्षण असेल तर भेटीच्या जागी तरंगफलाचा वर्ग वाढतो, आणि विलोपनाचा दर त्याच प्रमाणात वाढतो. बेळगावच्या खडेबाजारातून मोटारसायकलवरून सुसाट जाणाऱ्याला दुकानदाराची हाक काही करत नाही, रमतगमत चालणारा मात्र दुकानात ओढला जातो. म्हणून हा परिणाम मंद कणांवर जास्त. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९३१ साली इलेक्ट्रॉनच्या संदर्भात हे गणित मांडलं, म्हणून त्याला सोमरफेल्ड गुणक म्हणतात. धारवाड किंवा कोल्हापूरच्या अभ्यासक्रमात हायड्रोजन अणूचं त्रिज्य समीकरण सोडवलेल्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे. फरक एवढाच की इथे ऊर्जा धन असते.

चिन्हं ठरवून घेऊ. म हे डार्क मॅटर कणाचं वस्तुमान, न हे मध्यस्थाचं, अ हे कपलिंग (विद्युतचुंबकीय बलात हीच संख्या १/१३७ असते). व म्हणजे वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत एका कणाचा वेग, प्रकाशवेगाच्या एककात. स हा सोमरफेल्ड गुणक. मध्यस्थाचं वस्तुमान शून्य असेल तर विभव कूलोंबचा असतो आणि उत्तर एका ओळीत मिळतं:

स = (पाय × अ/व) ÷ (१ − ई^(−पाय × अ/व))

व = ३ × १०^−५ घातलं की ३१४२ येतं. तुमच्या जोडीदाराने व ऐवजी दोन कणांचा सापेक्ष वेग, म्हणजे ६ × १०^−५, याच सूत्रात घातला, म्हणून १५७१. सापेक्ष वेग वापरायचा असेल तर वरच्या सूत्रात पायच्या जागी २ पाय हवं. शोधनिबंधांत दोन्ही पद्धती सर्रास चालतात आणि दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच असतं. निबंधातलं सूत्र उचलण्याआधी त्यात वेग कोणता आहे हे वहीत लिहून ठेवा. रेझोनन्सजवळ (हे काय ते पुढे येईल) स हा वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, तिथे ही दुपटीची चूक चौपट होते.

आता खरा मुद्दा. तुमच्या मध्यस्थाला १ जीईव्ही वस्तुमान आहे, म्हणजे विभव कूलोंबचा नाही, युकावाचा आहे, आणि त्याचा पल्ला १/न एवढाच आहे. कणाची तरंगलांबी या पल्ल्यापेक्षा मोठी झाली की कण आणखी मंद करून काही फायदा नाही. गुणक वाढायचा थांबतो, संपृक्त होतो. ही मर्यादा साधारण व = न/म इथे येते. तुमच्याकडे ती १०^−३. आकाशगंगेतल्या वेगाला (साधारण २२० किमी प्रति सेकंद, म्हणजे १०^−३च्या आसपास) कूलोंबचं सूत्र अजून चालतं: व = १०^−३ ला ते ९४ देतं आणि नीट सोडवलं तर ९५ येतं. बटू दीर्घिकेत मात्र वेग मर्यादेच्या तीस पट खाली आहे, आणि कूलोंबचं सूत्र दहापट चुकतं. आकाशगंगेवर तपासून पाहिलेला कोड बटू दीर्घिकेला तसाच लावला की हेच होतं.

हाताने अंदाज घ्यायचा असेल तर युकावाऐवजी हुल्थेन विभव घ्यावा. तो जवळपास तसाच वागतो आणि त्याचं उत्तर सूत्रात मिळतं. दोन मापरहित संख्या करा: ग = व/अ आणि ख = न/(अ × म). तुमच्यासाठी ख = १/३० = ०.०३३३. वेग शून्याकडे नेला की संपृक्त किंमत अशी:

स = (६/ख) ÷ ज्या²(√(६/ख))

ज्या म्हणजे साइन, कोन रेडियनमध्ये. ६/ख = १८०, वर्गमूळ १३.४१६, त्याच्या ज्याचा वर्ग ०.५६४, म्हणून स = ३१९. व = ३ × १०^−५ ला पूर्ण हुल्थेन सूत्र ३१८ देतं, म्हणजे तिथे गुणक संपृक्त झालेलाच आहे.

या सूत्रातला ज्याचा वर्ग बारकाईने बघा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. तो शून्य झाला की गुणक अनंताकडे जातो. हेच रेझोनन्स. √(६/ख) = पाय × पूर्णांक झालं की, म्हणजे ख = ६/(पाय² × १), ६/(पाय² × ४), ६/(पाय² × ९) वगैरे ठिकाणी, विभवात एक नवी बद्ध अवस्था जेमतेम मावू लागते आणि शून्य ऊर्जेचा तरंग तिच्याशी जुळतो. तुमचं प्रतिमान चौथ्या रेझोनन्सच्या शेजारी बसलं आहे. मध्यस्थाचं वस्तुमान ०.९० जीईव्ही असतं तर संपृक्त गुणक २०० आला असता. १.०० ला ३१९. १.१० ला जवळपास ३२७०. १.१४ ला रेझोनन्स. वस्तुमानात दहा टक्क्यांचा बदल आणि उत्तरात दहापटीचा! म्हणून प्रबंधात ३१८ हा एकटा आकडा लिहू नका. न ०.८ ते १.३ जीईव्हीपर्यंत बारीक पायऱ्यांनी बदलून आलेख द्या. परीक्षकाला एका आकड्यापेक्षा तो आलेख जास्त सांगेल.

हुल्थेनच्या आकड्यांवर किती विसंबायचं? शिखरांच्या जागा दोन ते चार टक्क्यांनी सरकलेल्या असतात. पहिलं शिखर हुल्थेनमध्ये ख = ०.६०८ ला, युकावात ०.५९५ ला. चौथं हुल्थेनमध्ये ०.०३८० ला, युकावात ०.०३९४ ला, म्हणजे तुमच्या बाबतीत न = १.१४ ऐवजी १.१८ जीईव्ही. शिखरापासून दूर ही तफावत क्षम्य आहे. शिखराच्या उतारावर ती तुमचा निष्कर्ष उलटवू शकते. तिथे समीकरण संगणकावरच सोडवायचं.

ते अवघड नाही. कॉलेजच्या संगणक कक्षातला जुना संगणक आणि पायथन पुरे. अंतर क्ष = अ × म × त्रिज्या असं मापून घेतलं की समीकरण असं होतं:

फ″ + [ग² + ई^(−ख क्ष)/क्ष] फ = ०

सुरुवात क्ष = ० ला करता येत नाही, भागाकार फसतो. क्ष = १०^−४ सारख्या छोट्या किमतीवर फ = क्ष − क्ष²/२ आणि फ′ = १ − क्ष घेऊन निघा. तिथून विभव संपेपर्यंत सोडवत जा. कुठे थांबायचं? ई^(−ख क्ष)/क्ष ही संख्या ग² पेक्षा किमान हजारपट लहान होईल तिथे. तुमच्या किमतींना (ख = ०.०३३३, ग = ०.००१) क्ष = ६०० भरपूर झालं. थांबल्या जागी

स = १ ÷ (फ′² + ग² फ²)

एवढंच. पुढे तरंगाची शिखरं शोधत बसायची गरज नाही. ग = ०.००१ ला एक तरंगलांबीच ६२८३ इतकी लांब असते, आणि शिखरं मोजायच्या नादात लोक तासन्‌तास संगणक फिरवतात. वीज गेली की परत पहिल्यापासून.

नेहमी फसणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगतो. सायपाय या पायथनच्या संग्रहातल्या, समीकरण सोडवणाऱ्या सॉल्व्ह-आयव्हीपी फलनाची मूळ सापेक्ष अचूकता १०^−३ ठेवलेली असते, ती इथे पुरत नाही. १०^−९ करा आणि निरपेक्ष अचूकता १०^−१२. दुसरी गोष्ट पूर्ण हुल्थेन सूत्राची:

स = (पाय/ग) × सिंह(क) ÷ (कॉश(क) − कॉस(ड))

इथे घ = पाय² ख/६, क = २ पाय ग/घ आणि ड = २ पाय √(१/घ − ग²/घ²). सिंह आणि कॉश ही अतिपरवलयी फलनं. फ्रीझ-आउटच्या (सुरुवातीच्या विश्वात विलोपन जवळपास थांबून डार्क मॅटरचं प्रमाण गोठलं त्या वेळच्या) वेगाला, म्हणजे व = ०.३ ला, ग = १० होतो आणि क जातो ११४६ वर. दुहेरी अचूकतेत घातांक ७१०च्या आसपास गेला की संख्या मावत नाही, आणि उत्तरात ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) छापलं जातं. त्याच वेळी वर्गमूळाच्या आतली संख्या ऋण होते, म्हणून कॉसचा कॉश होतो. त्या पट्ट्यात वर्गमूळाच्या आतली चिन्हं उलटून ड काढा आणि सूत्र (पाय/ग) ÷ (१ − ई^(ड − क)) असं लिहा. उत्तर १.१६५ येईल, कूलोंबच्या सूत्राशी तंतोतंत. कोड बरोबर आहे की नाही हे तपासायला हीच पहिली चाचणी. दुसरी: विभवाचं चिन्ह उलटा, गुणक १च्या खाली गेला पाहिजे. तिसरी: न १.१८ जीईव्हीजवळ नेलं की शिखर दिसलं पाहिजे.

आता ती न विचारलेली अडचण. सोमरफेल्ड गुणक ही गुणून टाकायची एक संख्या नाही. ते वेगाचं फलन आहे, आणि विश्वाच्या इतिहासात डार्क मॅटरचा वेग सतत बदलत आला आहे. त्यामुळे एकच प्रतिमान चार ठिकाणी चार वेगवेगळे गुणक देतं, आणि चारही ठिकाणी ते निरीक्षणाशी जुळावं लागतं.

सुरुवात फ्रीझ-आउटपासून. तापमान म/२० ते म/२५ इतकं उतरतं, वेग ०.३च्या आसपास असतो, गुणक १.१७. म्हणजे आज उरलेल्या डार्क मॅटरचं प्रमाण फारसं बदलत नाही. मध्यस्थ सदिश (फोटॉनसारखा) आणि डार्क मॅटर डिरॅक फर्मिऑन (ज्याचा प्रतिकण वेगळा असतो असा कण) धरला तर मूळ काटछेद गुणिले सापेक्ष वेग = पाय अ²/म² = २.८३ × १०^−९ प्रति जीईव्ही वर्ग. एक प्रति जीईव्ही वर्ग म्हणजे १.१७ × १०^−१७ घन सेंमी प्रति सेकंद, म्हणून आकडा येतो ३.३ × १०^−२६. तो कशाशी ताडायचा? पुस्तकात ३ × १०^−२६ असतो. स्टायगमन, दासगुप्ता आणि बीकम यांनी २०१२ साली नीट गणित करून तो जड कणांसाठी २.२ × १०^−२६ वर आणला. (यातले बसुदेब दासगुप्ता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत.) पण हा आकडा कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल तेव्हाचा. डिरॅक कणाला दुप्पट लागतो, ४.४ × १०^−२६. तुमचं ०.०३ किंचित कमी पडतं, पण जवळ आहे. गॅमा किरणांचा ओघ काढतानाही हाच दुपटीचा गुणक पुन्हा येतो: स्वतःचाच प्रतिकण असेल तर १/२, डिरॅकला १/४.

मग बटू दीर्घिका. ३.३ × १०^−२६ गुणिले ३१८, म्हणजे १.०५ × १०^−२३. तुम्ही बहुधा इथूनच सुरुवात केलीत, गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी अवकाश दुर्बिणीच्या मर्यादेशी ताडायला.

पण त्याआधी सीएमबी, म्हणजे बाल विश्वातून आजवर पोचलेलं सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण, बघायला हवं होतं. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना डार्क मॅटर कमालीचं थंड होतं. समजा १ एमईव्ही तापमानाला त्याचा बाकीच्या द्रव्याशी ऊष्मीय संबंध तुटला. त्यानंतर वेग विश्वाच्या प्रसरणाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि १ टीईव्हीच्या कणाचा वेग तोवर १०^−९च्याही खाली जातो. कूलोंबचं सूत्र इथे कोटींच्या घरातला गुणक देईल, जो अर्थहीन आहे. संपृक्त गुणक मात्र तोच, ३१९. या काळात विलोपनातून बाहेर पडलेली ऊर्जा हायड्रोजनचं आयनीभवन वाढवते आणि सीएमबीच्या नकाशात तिची खूण उमटायला हवी. प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या विश्लेषणात ती सापडली नाही. मर्यादा अशी: कार्यक्षमता × काटछेद-वेग ÷ वस्तुमान ही संख्या ३.२ × १०^−२८ घन सेंमी प्रति सेकंद प्रति जीईव्हीपेक्षा कमी. मध्यस्थाच्या क्षयातून इलेक्ट्रॉन, म्युऑन, पायॉन निघत असतील तर कार्यक्षमता ०.३ धरा आणि डिरॅकचा १/२ लावा. तुमचा आकडा १.६ × १०^−२७. मर्यादेच्या पाचपट वर. गुणक नसता तर हाच आकडा ५ × १०^−३० आला असता, मर्यादेच्या साठपट खाली. थोडक्यात, तुमचं प्रतिमान बटू दीर्घिकेपर्यंत पोचायच्या आधीच बाद होतं, आणि बाद होतं ते याच गुणकामुळे. तुमच्या प्रकल्पाचा निष्कर्ष हाच असावा असं माझं मत. नकारात्मक निकाल म्हणून बिचकू नका. २००८ साली पामेला या उपग्रहावरच्या उपकरणाला अपेक्षेपेक्षा जास्त पॉझिट्रॉन दिसले तेव्हा शेकडोपट वाढ समजावायला हाच गुणक पुढे आणला गेला, आणि त्यातली बरीच प्रतिमानं पुढे याच सीएमबीच्या कसोटीवर अडली.

रेझोनन्सच्या डोक्यावर बसलात तर फ्रीझ-आउटचं गणितही मोडतं. ऊष्मीय संबंध तुटल्यावर कणांची घनता प्रसरणाच्या घनाने घटते, हबल दर (विश्वाच्या प्रसरणाचा दर) वर्गाने. गुणक १/व ने वाढत असेल तर विलोपनाचा दर आणि हबल दर यांचं गुणोत्तर स्थिर राहतं. १/व² ने वाढत असेल तर ते गुणोत्तर वाढत जातं आणि विलोपन दुसऱ्यांदा पेट घेतं. तेव्हा बोल्ट्झमन समीकरण फ्रीझ-आउटला न थांबवता गुणक संपृक्त होईपर्यंत पुढे न्यावं लागतं. १/व² ची वाढ कायम चालू ठेवली तर एकिकतेची मर्यादाही (एकूण संभाव्यता १च्या वर जाऊ शकत नाही म्हणून येणारी; काटछेद-वेग जास्तीत जास्त ४ पाय ÷ (म² × सापेक्ष वेग)) ओलांडली जाते. शिखरावरचा गुणक विलोपनामुळेच बोथट होतो, हे समीकरणात घालावं लागतं.

प्रतिमान वाचवायचं असेल तर वाटा दोन. मध्यस्थ अदिश (हिग्ससारखा, फिरक नसलेला) घ्या आणि डार्क मॅटर मायोराना, म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला. मग विलोपन पी-तरंगातून (कोनीय संवेग १ असलेल्या अवस्थेतून) होतं, मूळ दर वेगाच्या वर्गावर जातो, आणि कूलोंब पट्ट्यात गुणक वरच्या स च्या आणखी (१ + (अ/२व)²) पट होतो. वर्ग आणि घन मिळून आकाशगंगेत दर १/व ने वाढतो, पण सीएमबीच्या काळात गुणक संपृक्त असल्यामुळे व² त्याला मारून टाकतो आणि प्लँकची मर्यादा लागत नाही. दुसरी वाट म्हणजे मध्यस्थाचा क्षय न्यूट्रिनोत होऊ देणं. सीएमबी सुटतं, पण मग बटू दीर्घिकेत गॅमा किरणही दिसायचे नाहीत, आणि प्रकल्पाचा विषयच बदलतो.

मध्यस्थ नवा कणच असायला हवा असं नाही. विनो या अतिसममितीच्या कणात डब्ल्यू बोसॉनच हे काम करतो: वस्तुमान ८०.४ जीईव्ही, कपलिंग साधारण १/३०, म्हणून परिणाम २.४ टीईव्हीच्या आसपास जोर धरतो. गुणक धरल्यामुळे विनोचं फ्रीझ-आउटशी जुळणारं वस्तुमान २.७ ते ३ टीईव्हीकडे सरकलं. तिथे उदासीन आणि भारित विनोंची जोडी एकमेकांत बदलत राहते, त्यांच्या वस्तुमानांत १६५ एमईव्हीचा फरक आहे, आणि एका समीकरणाऐवजी दोन जोडलेली समीकरणं सोडवावी लागतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ते जड जाईल.

बटू दीर्घिकेचा वेग एकच आकडा म्हणून घेऊ नका. ताऱ्यांच्या वर्णपटावरून मिळते ती एका दिशेतली विकिरणता, साधारण १० किमी प्रति सेकंद. सापेक्ष वेगाची विकिरणता तिच्या √२ पट, आणि मॅक्सवेल वितरणावर स ची सरासरी काढायची. गुणक संपृक्त असेल तर सरासरीने फरक पडत नाही, तुमच्या ३१८ ला पडणार नाही. न १.१८ जीईव्हीच्या आसपास नेलंत तर पडेल.

मध्यस्थ हलका असल्यामुळे कण बद्धही होऊ शकतात आणि मग आतल्या आत नष्ट होतात. वस्तुमानरहित सदिश मध्यस्थाच्या बाबतीत, मंद वेगाला, मूळ अवस्थेत पकडले जाण्याचा काटछेद विलोपनाच्या ३.१३ पट असतो. तुमच्याकडे मूळ अवस्थेची बंधनऊर्जा अ² म/४ = ०.२२५ जीईव्ही, म्हणजे १ जीईव्हीचा मध्यस्थ बाहेर टाकायला ती पुरत नाही, आणि मंद कणांसाठी ही वाट बंद आहे. प्रबंधात हे एका वाक्यात लिहा, कारण तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच. संदर्भ निबंध अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. समोरासमोर चर्चा करायची असेल तर पुण्याचं आयुका आणि बेंगळुरूचं आयसीटीएस, या दोन्ही संशोधन संस्था बेळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. जाताना न विरुद्ध स चा आलेख छापून न्या.